धुराचा हिशेब

तापी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपुढे सागरास मिळते. तिच्याच खोऱ्यातून धावणाऱ्या आगगाडीने खानदेशातील सहस्रावधी कुटुंबे पोटासाठी सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. तेथे मराठी आजही घरोघर ऐकू येते. सुरतेच्या साड्या आपल्या सर्वांच्या घरी आहेत. परंतु त्या कापडास रंग चढविण्यासाठी लागणारी वाफ बहुतांशी कोळशाच्या बॉयलरांतून येते आणि त्यांचा धूर कामकऱ्यांच्या मुलाबाळांच्या छातीत जातो.

धूर अडविण्याची विद्या नवी नाही. सायक्लोन नामक यंत्रात धूर भोवऱ्यासारखा फिरवून जड कण खाली पाडतात. कापडी पिशव्यांतून तो गाळतात. पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. सर्वांत कुतूहलाची युक्ती विजेची. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी व्यवहारात आणली. उच्च दाबाच्या विजेने तारेभोवतीची हवा आयनीभूत होते; या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. तेथून जाणारे धूलिकण विद्युत्भारित होऊन समोरच्या पत्र्यांस चिकटतात.

विषारी वायू मात्र पत्र्यास चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी उत्प्रेरक हवा, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेस वेग देणारा पदार्थ. मोटारीच्या धूरनळीत प्लॅटिनम व पॅलेडियम हेच कार्य करतात. उत्प्रेरकास बहुधा मोठी उष्णता लागते. प्लाझ्मातील वेगवान इलेक्ट्रॉन वायूंचे रेणू फोडतात व क्रियाशील प्राणवायू निर्माण करतात. म्हणून दोहोंचा संयोग केल्यास कमी उष्णतेतही काम साधू शकते. यात वीज बरीच खर्ची पडते व ओझोनही उरू शकतो, म्हणून संशोधन अद्याप चालू आहे.

परंतु वाचकहो, यंत्र कितीही चतुर असले तरी त्यास चालविणारा मनुष्यच. वीज वाचावी म्हणून ते बंद ठेवले, फाटलेली पिशवी बदलली नाही, की लक्षावधी रुपयांचे यंत्र शोभेचे ठरते. ही मेख ओळखून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सन २०१९ मध्ये सुरतेस एक प्रयोग आरंभिला. शिकागो, येल आदी विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांचे त्यास साहाय्य होते. धूलिकणांच्या परवान्यांचा असा बाजार जगात हा पहिलाच. प्रयोगातील ३१७ कारखान्यांच्या धुराची अखंड मोजणी सुरू झाली आणि त्यांपैकी १६२ कारखाने सोडतीने बाजारात घेतले. त्या सर्वांनी मिळून किती धूळ सोडावी याची मर्यादा ठरवून तेवढेच परवाने काढले. जो कमी धूळ सोडील त्याने उरलेले परवाने विकावे. जो अधिक सोडील त्याने ते विकत घ्यावे.

सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाजारातील कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेने २० ते ३० टक्के घटली. ती आवरण्याचा खर्चही उतरला. या हिशेबात वायू धरलेले नव्हते, हे विसरता कामा नये.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरले की घरची बाई तत्काळ खिडकी उघडते, कारण चूल पेटविणारी तीच आणि धूर सोसणारीही तीच. गिरणीचा धूर करणारा एक आणि सोसणारा दुसरा. सुरतेच्या प्रयोगाने त्या धुराचा खर्च धूर करणाऱ्याच्याच वहीत मांडला.