आधी बोट, मग रस्ता

दक्षिण युरोपात मोटारसायकलनं फिरायचं मनात आलं की बहुतेक जण आधी घाटांची यादी करतात. स्टेल्व्हिओची ४८ वळणं, अमाल्फीचा किनारा, कॉर्सिकातले लाल कडे. मग हे ठिपके जोडायला महामार्गाच्या रेघा ओढल्या जातात आणि तिथंच गणित फसतं. बार्सिलोना ते रोम हे अंतर रस्त्यानं तेराशे किलोमीटरच्या वर भरतं. त्यातला मोठा भाग टोलच्या रस्त्यावर, ट्रकांच्या रांगा ओलांडत, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची उन्हाळी गर्दी सोसत कापायचा. दोन दिवस जातात, पाठ आखडते आणि लक्षात राहावं असं फारसं काही हाती लागत नाही. तीच गाडी बार्सिलोनाच्या धक्क्यावर रात्री बोटीत चढवली, तर साधारण वीस तासांनी रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्कियाला उतरता येतं. तेवढ्यात जेवण होतं, झोप होते, पुढचे नकाशे निवांत पाहून होतात. म्हणून माझा आग्रह असा, की आधी बोटी ठरवाव्यात आणि रस्ते त्यांच्या मागोमाग जुळवावेत.

बोटींचं हे वेड मला कोकणानं लावलं. दापोलीहून गुहागरला निघावं, दाभोळला गाडी फेरीबोटीत घालावी, धोपाव्याला उतरावं. चिपळूणचा सगळा वळसा वाचतो. पुढे जयगडची खाडीही तशीच ओलांडायची. सागरी मार्गानं गोव्यापर्यंत गाडी चालवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून जाणारी रो-रो बोट तर मुळात ग्रीसमध्येच बांधलेली. त्यामुळे भूमध्य समुद्रातली बोट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही, फक्त तिचा आकार अंगावर येतो. बार्सिलोना-चिव्हिताव्हेक्किया मार्गावरच्या ‘क्रूझ रोमा’ आणि ‘क्रूझ बार्सिलोना’ या जहाजांची गोष्ट मला फार आवडते. दोन्ही जहाजं मधोमध कापून, नवा भाग जोडून लांबवली गेली आणि प्रत्येकाची लांबी २५४ मीटर झाली. त्याच वेळी पोटात मोठ्या बॅटऱ्या बसवल्या, म्हणजे बंदरात उभं असताना इंजिनांचा धूर नको. अशा जहाजाच्या शेपटाकडून आत शिरताना मी दर वेळी हेल्मेटची काच वर करून छताकडे बघतो.

आत शिरण्याचं तंत्र मात्र नीट समजून घ्यायला हवं. रॅम्प लोखंडी असतो, त्यावर पाणी आणि तेल सांडलेलं असतं आणि गाड्या बांधण्यासाठी जमिनीतून वर आलेले कडे-खोबणी चाकाखाली येतात. पहिल्या गिअरमध्ये, सरळ, पुढच्या ब्रेकला हात न लावता चढायचं. नारिंगी जाकिटातला खलाशी हातानं खुणावून गाडी बाजूच्या भिंतीशी लावून घेतो. साइड स्टँड लावायचा, गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, अलार्म बंद करायचा. जहाज हललं की बोंबलत सुटणारे अलार्म रात्रभर खालून ऐकू येतात. मग तो खलाशी सीटवरून पट्टा टाकतो आणि कुलपासारखी कडी करकर ओढत घट्ट करतो. पट्ट्याखाली आपला जुना टॉवेल किंवा हातमोजे घालावेत, नाहीतर सीटवर वळ उठतो. पुढचा ब्रेक दाबून मुठीशी बांधून टाकायला एक छोटी वेल्क्रो पट्टी खिशात असावी. खलाशांना याची सवय असते, पण गाडी आपली आहे; ती नीट बांधली गेल्याचं स्वतः हलवून पाहिल्याशिवाय मी तिथून निघत नाही. रात्रीपुरतं सामान वेगळ्या लहान पिशवीत काढून घ्या, कारण जहाज सुटल्यावर वाहनांच्या मजल्यावर कुणाला जाऊ देत नाहीत. जिन्याच्या दारावर मजल्याचा क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सकाळी एकसारखे दिसणारे जिने भल्याभल्यांना चकवतात. खुर्चीचं तिकीट स्वस्त पडतं, तरी दुसऱ्या दिवशी घाट चढायचा असेल तर केबिनच घ्यावी.

माझा सर्वात लाडका टप्पा सार्डिनिया ते कॉर्सिका. बार्सिलोनाहून रात्रीची बोट सार्डिनियातल्या पोर्तो तोर्रेसला सोडते. तिथून बेटाच्या पूर्व अंगाला जाऊन दोर्गाली ते बाउनेई हा एसएस १२५ रस्ता घ्यावा. १,०१७ मीटरवरची जेन्ना सिलाना खिंड, एका बाजूला चुनखडीची दरी आणि रस्त्यावर माणसांपेक्षा शेळ्या जास्त. मग उत्तरेला सांता तेरेसा गाल्लुरा. इथून कॉर्सिकाचं बोनिफासिओ बोटीनं तासाभराच्या आत येतं. हा पट्टा चिंचोळा आहे, पण त्याला साधा समजू नये. पश्चिमेचा वारा इथं नरसाळ्यात सापडल्यासारखा घुसतो आणि जोर वाढला की बोटी रद्द होतात. फेब्रुवारी १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धाकडे निघालेली ‘सेमियांत’ ही फ्रेंच युद्धनौका जवळच्याच लाव्हेझी बेटांवर आपटून फुटली आणि सातशेच्या आसपास माणसं बुडाली. म्हणून या टप्प्याला पुढे-मागे एक मोकळा दिवस ठेवावा.

आणि बोनिफासिओत शिरणं! समोर पांढऱ्या कड्याची सलग भिंत दिसते, बंदर कुठं आहे ते कळत नाही. मग भिंतीत एक फट उघडते, बोट तीत वळते आणि दोन्ही बाजूंना कडे जवळ येतात. जुनं गाव अगदी कड्याच्या कडेवर, काही घरांचा खालचा खडक पाण्याच्या माऱ्यानं पोखरलेला. आतल्या अरुंद पाण्यात बोट जागच्या जागी फिरते. मी हे बघण्यासाठी प्रत्येक वेळी वरच्या डेकवर पुढे उभा राहतो आणि गाडीकडे सर्वांत शेवटी पळतो.

कॉर्सिकाच्या रस्त्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल. बाव्हेल्ला खिंड आणि पियानाचे लाल ग्रॅनाइट कडे चुकवू नका, डुकरं रस्त्यात बसलेली असतात ते विसरू नका. इथल्या रॅलीला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. १९५६ साली ती पहिल्यांदा झाली आणि जिल्बर्त तिरियाँ या बेल्जियन महिलेनं रेनो दोफिन चालवत जिंकली. हे फार थोड्यांना ठाऊक असतं आणि मला ते सांगायला मनापासून आवडतं. बास्तियाहून लिव्होर्नोची बोट काही तासांत इटलीत पोचवते.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस सगळे शेंगेनमध्ये, एकच व्हिसा चालतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इटलीतल्या बारीहून अल्बानियात डोकावायचं असेल तर मल्टिपल एंट्री घ्या, नाहीतर परत आत येता येणार नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो. हेल्मेट ईसीई शिक्क्याचं हवं. स्वतःची गाडी इथून पाठवण्यापेक्षा काही आठवड्यांसाठी भाड्याचीच बरी. मात्र बोटीत घालायला भाडेकंपनीची लेखी परवानगी घ्या आणि गाडीचा नंबर आधीच मागून घ्या, कारण बोटीचं तिकीट त्या नंबरावर निघतं. इटलीतल्या शहरांत ‘झेडटीएल’ या मर्यादित वाहतुकीच्या भागाच्या पाटीपलीकडे गाडी नेऊ नका, कॅमेरा दंड करतो.

ग्रीसला जायला आंकोना किंवा बारी. आंकोनाहून इगुमेनित्साला सोळा-सतरा तास, बारीहून एक रात्र. ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे आहे, पोचण्याची वेळ तिथली छापलेली असते. सकाळी इगुमेनित्साला उतरून झागोरीच्या डोंगरात शिरावं, दगडी कमानींचे पूल आणि विकोस दरी बघत दोन दिवस घालवावेत. पुढे दक्षिणेला रिओ-अंतिरिओचा पूल लागतो. २,८८० मीटरचा हा पूल ऑगस्ट २००४ मध्ये, अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झाला. तरीही त्याच्या खालून जुनी फेरी अजून चालते. जाताना पुलानं जा, येताना फेरीनं या. पुलाची खरी उंची पाण्यावरूनच कळते.

वेळ असेल तर सिसिलीही जोडा. व्हिल्ला सान जोव्हान्नीहून मेसिनाला वीसेक मिनिटं लागतात, पण तिथं आख्खी रेल्वेगाडी तुकडे करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर चढवतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालत आलं आहे. इथं ३,३०० मीटरच्या एकाच गाळ्याचा झुलता पूल बांधायचा बेत आहे. तो उभा राहण्याआधी ही बोट बघून घ्यावी असं मला तळमळीनं वाटतं.

दोनच आठवडे हातात असतील तर ग्रीसचा मोह सोडा. बार्सिलोना, सार्डिनिया, कॉर्सिका, लिव्होर्नो, तोस्कानाचे रस्ते आणि चिव्हिताव्हेक्कियाहून परत बार्सिलोना, एवढा फेरा पुरेसा आहे. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर निघते आणि बेटांकडच्या बोटी भरून जातात. सप्टेंबरसाठी मी पहिल्या आणि शेवटच्या बोटीचं तिकीट वसंतातच काढतो. मधली बोनिफासिओची बोट मात्र वाऱ्याचा अंदाज बघून.