चाकांवरचे घर बऱ्हाणपूरला जाते

गेल्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, आम्हां घरच्या मंडळींना वसईहून बऱ्हाणपूरला जावे लागले. जावे लागले असे म्हणतो, कारण हा प्रवास हौसेचा नव्हता. आमच्या मातोश्रींचे वय त्र्याऐंशी. मणक्याच्या दुखण्याने त्यांना इतके जेरीस आणले आहे की अर्ध्यापाऊण तासावर सलग बसणे त्यांना जमत नाही. त्यांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे आमच्या मावशी, बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत राहतात. मावशींचे यजमान नेपानगरच्या गिरणीत नोकरीस होते. पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केलेली वृत्तपत्री कागदाची गिरणी ती हीच. सेवानिवृत्तीनंतर ते कुटुंब बऱ्हाणपुरातच स्थिरावले. दोघी बहिणींची भेट होऊन अकरा वर्षे लोटली होती. जानेवारीत मावसभावाचा फोन आला, "आई आता माणसे ओळखेनाशी झाली आहे. पण धाकटी कधी येणार, एवढे मात्र रोज विचारते."

आगगाडीचे डबे चढणे-उतरणे मातोश्रींच्या आवाक्यातले नव्हते, आणि साध्या मोटारीत पाचशे किलोमीटर बसून जाणे त्याहून नव्हते. तेव्हा आमच्या पुतण्याने 'मोटारघर' भाड्याने घेण्याची कल्पना काढली. प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी. आत दोन निजावयाच्या जागा, चिमुकली मोरी, शेगडी, पाण्याची टाकी, आणि मातोश्रींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शौचकूप. गाडी दारात उभी राहिली तेव्हा आळीतली मुले तिच्याभोवती जमली. मातोश्री मात्र एवढेच म्हणाल्या, "घर सोडून घरातच बसायचे तर!"

येथे पहिला भ्रम दूर करणे इष्ट आहे. घर चालत असताना त्यात पलंगावर निजता येत नाही. एकदम ब्रेक लागला तर निजलेले माणूस फेकले जाते. आमचे चालक याबाबत फार करडे निघाले. गाडी चालू असताना सर्वांनी पट्टे बांधून बसावयाचे, आणि मातोश्रींना पाठ टेकावयाची झाली की गाडी थांबवावयाची, असा त्यांचा दंडक. म्हणजे दर चाळीस मिनिटांनी मुक्काम आलाच. पण थांबावे कोठे? हमरस्त्याच्या कडेची पट्टी ही बिघडलेल्या वाहनांसाठी असते, निजणाऱ्यांसाठी नव्हे. तेथे उभ्या वाहनावर मागून धडक बसून किती जीव गेले हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. समृद्धी महामार्गासारख्या द्रुतगती मार्गावर तर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही, आणि ज्यांना प्रवेश आहे त्यांनाही ठरलेल्या जागांखेरीज विसावा नाही. आम्ही नाशिक, धुळे, जळगाव असा जुन्या वळणाचा मार्ग धरला तो यासाठीच. त्या वाटेवर पेट्रोल पंप आणि ढाबे जवळजवळ आहेत. आजारी म्हातारी माणसे पाहून कोणीही आम्हांस "पुढे जा" म्हटले नाही, हे सांगितले पाहिजे.

रात्रीचा मुक्काम जळगावच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात केला. दुसऱ्या दिवशी मुक्ताईनगर मागे टाकले तेव्हा अकरा वाजले होते. तेथून बऱ्हाणपूर जेमतेम तासाभराच्या वाटेवर. मातोश्रींनी पिशवीतून नवे लुगडे काढून मांडीवर घेतले. आणि राज्याची सीमा ओलांडल्यावर थोड्याच वेळात एका गावाबाहेर रस्त्यावर आडवा बांबू दिसला. शेजारी फलक होता : यात्रेनिमित्त जड वाहनांस प्रवेश बंद, सकाळी ८ ते रात्री १०.

पहाऱ्यावरच्या तरुणाने गाडीची उंची पाहिली आणि हाताने मागे वळावयाची खूण केली. चालकांनी विनवून पाहिले. तरुण म्हणे, ट्रक आहे. आम्ही म्हणालो, ट्रक नाही. मग बस आहे काय? बसही नाही. मग आहे तरी काय? या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते, ही खरी गोष्ट आहे. आडवाटेने जावयाचे तर कच्च्या रस्त्याने दोन-तीन तास. त्या खाचखळग्यांतून मातोश्रींना नेणे म्हणजे पोहोचण्यापूर्वीच प्रवास संपविणे. रात्री दहापर्यंत थांबावे तर मावशी संध्याकाळनंतर औषधाच्या गुंगीत असतात, आणि दुसऱ्या दिवशी काय होईल याची शाश्वती मावसभावाने दिलेली नव्हती.

त्या बांबूपुढे आम्ही दीड तास उभे होतो. अशा वेळी मनात वाटेल ते येते. आम्हांस फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियर आठवला. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरच्या वाटेने गेलेल्या या जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या त्या लोकांची बायकामुले तांड्याबरोबरच असत. त्यांचे घर म्हणजे तो तांडाच. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की तो संपूर्ण पार होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असेही तो सांगतो. म्हणजे या वाटेवर चालते घर नवे नाही, आणि खोळंबाही नवा नाही. फरक इतकाच की त्या काळी चालत्या घरासाठी इतरांना थांबावे लागे.

असो. शेवटी एक वयस्क हवालदार आले. त्यांनी गाडीचे नोंदणीपुस्तक मागितले आणि चष्मा लावून ते शांतपणे वाचले. वाहनाचा प्रकार 'मोटार कॅरावॅन'. माणसे व सामान यांसह कमाल वजन साडेचार हजार किलोच्या आत. वाचकांपैकी जे असे वाहन घेतील त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल ते हलके मोटार वाहन होय. मालवाहू गाडी कायद्याने 'जड' ठरते ती बारा हजार किलोच्या पुढे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहनही चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले आहे. डोळ्यांना डोंगराएवढी दिसणारी आमची गाडी कायद्याच्या लेखी हलकी होती.

पण फलकावर नुसते 'जड वाहन' असे लिहिले असता त्याचा अर्थ कोणी लावावयाचा? याच कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा रस्त्याची वा पुलाची स्थिती पाहून शासनाला अथवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला विशिष्ट वाहनांवर बंदी घालता येते. बंदी एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर ती राजपत्रात छापण्याचीही गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. यात्रा, मिरवणूक, पुलाची डागडुजी यांसाठीच्या बंद्या बहुधा अशाच अल्पकाळाच्या असतात. गावच्या लोकांना त्या ठाऊक असतात, पाचशे किलोमीटरवरून येणाऱ्याला त्या बांबूपाशी कळतात. यात अधिकाऱ्यांचा दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. यात्रेत चालणाऱ्या पोराबाळांच्या अंगावर ट्रक येऊ नये म्हणूनच तो बांबू होता. मात्र फलक हा हुकमाचा सारांश असतो, हुकूम नव्हे.

म्हणून आम्ही हात जोडून विचारले, मूळ हुकूम पाहावयास मिळेल काय? हवालदारांनी खिशातून मोबाईल काढला. त्यात हुकमाचे छायाचित्र होते. दुसऱ्याच ओळीत शब्द होते : 'भारी मालवाहक वाहन'. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, वरिष्ठांना फोन लावला, गाडीत डोकावून पाहिले. मातोश्री पट्टा बांधून, लुगडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "माल तो कुछ नहीं है, अम्माजी हैं," असे ते फोनवर म्हणाले, आणि बांबू वर गेला. यात्रेच्या गर्दीतून पायी चालण्याच्या वेगाने जा, भोंगा वाजवू नका, एवढी अट त्यांनी घातली. ती आम्ही पाळली.

हेच जर दुबळ्या पुलासाठी असते तर आम्ही अक्षरही न बोलता मागे फिरलो असतो. पुलाला माल आणि माणूस यांतला भेद कळत नाही. त्याला वजन कळते. तेथे पुस्तकातले वजनही पुरत नाही, कारण टाकीत दोनशे लिटर पाणी भरले की दोनशे किलो वाढलेच. उंचीचेही तसेच. छपरावर वातानुकूलन यंत्र बसविले की कारखान्याने दिलेला उंचीचा आकडा खोटा ठरतो, आणि रेल्वेखालच्या बोगद्यापाशी लोखंडी आडवा खांब ते पटवून देतो. चालकांनी खरी उंची खडूने काचेच्या आतल्या बाजूस लिहून ठेवली होती. ही युक्ती आम्हांस फार आवडली. परदेशीही हा त्रास आहेच. न्यूयॉर्कच्या काही जुन्या उद्यानमार्गांवरचे दगडी पूल इतके ठेंगणे आहेत की अशा घरांना तेथे मज्जाव आहे, आणि बाल्टिमोरच्या समुद्राखालच्या बोगद्यांत शेगडीच्या गॅसच्या टाक्यांवर बंधन आहे. उलट जर्मनीत रविवारी मोठ्या ट्रकांना दिवसभर बंदी असते, पण मोटारघराला ती लागू नाही.

बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजापाशी पोहोचावयास दोन वाजले. दरवाजा चांगला ऐसपैस आहे. हे तटबंदीचे शहर, हत्तीघोडे येथून जात-येत. अडचण दरवाजाची नव्हती, आतल्या गल्ल्यांची होती. खाली आलेल्या विजेच्या तारा आणि पुढे आलेले सज्जे पाहून चालकांनी मान हलविली. येथे कोणताही फलक नव्हता, कोणीही अडविले नाही. पण खडूचा आकडा पुढे होता. घर बाहेरच्या मोकळ्या जागेत उभे करून आम्ही रिक्षा बोलाविली आणि मातोश्रींना दोन उशांच्या आधाराने तीत बसविले. उशा त्या घरातल्याच.

मावशींनी आधी ओळखले नाही. मातोश्री खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन काही न बोलता राहिल्या. बराच वेळ गेला. मग मावशी म्हणाल्या, "किती उशीर केलास गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चांगलीच हुशारी वाटत होती. धाकटी घर घेऊन आली आहे हे कोणीतरी सांगितले, तेव्हा ते पाहण्याचा हट्ट त्यांनी धरला. मावसभावाने आणि आम्ही मिळून त्यांना खुर्चीसकट रिक्षात, आणि रिक्षातून मोटारघरात नेले. उभ्या गाडीत निजण्यास कोणाची मनाई नव्हती. दोन जागांवर दोघी बहिणी समोरासमोर आडव्या झाल्या, शेगडीवर चहा झाला, नेपानगरच्या गोष्टी निघाल्या. मावशींनी छत, मोरी, खिडकीचा पडदा सगळे न्याहाळले आणि मातोश्रींकडे वळून म्हणाल्या, "एवढे घर घेऊन आलीस, ते गल्लीत नाही का आणायचे? शेजारणींनी पाहिले असते."