महाभारताची चिकित्सित आवृत्ति आणि युरोपीय पंडितांशीं झालेली देवघेव

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति इ. स. १९६६ मध्यें पुरी झाली. तिच्याविषयीं आपल्याकडे दोन मतें वारंवार कानीं पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, ही पाठचिकित्सेची पद्धति सर्वस्वीं युरोपीय असून आपल्या मंडळींनीं ती केवळ गिरविली. दुसरा पक्ष म्हणतो कीं, पोथ्या आमच्या, शास्त्री आमचे, द्रव्यहि बहुतांशीं आमचें. मग परकीयांचा येथें संबंध काय? दोन्ही मतांत थोडथोडें सत्य आहे आणि म्हणूनच दोन्ही दिशाभूल करतात. या कार्याची पूर्वपीठिका क्रमानें लावून पाहिली असतां असें दिसतें कीं, विद्या येथून तिकडे गेली, तिकडे तिला नवें शिस्तीचें वळण लागलें, आणि ती येथें परत आल्यावर, जेथें पोथ्या होत्या तेथेंच, कार्य तडीस गेलें. ज्यांच्या घरीं पोथ्यांचीं बासनें आहेत त्यांनीं या इतिहासापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. म्हणून तो येथें संक्षेपानें मांडतों.

१. पोथ्यांचा शोध

इ. स. १८६८ मध्यें हिंदुस्थान सरकारनें संस्कृत पोथ्यांच्या शोधाची योजना सुरू केली. मुंबई इलाख्यांत तें काम दोन जर्मन पंडितांकडे आलें. पहिले डॉ. गेओर्ग ब्यूलर. हे १८६३ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक म्हणून आले व पुढें गुजराथेंत शाळाखात्याचे अधिकारी झाले. दुसरे डॉ. कीलहॉर्न. हे १८६६ पासून पुण्यास डेक्कन कॉलेजांत होते. त्यांच्या मागून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व प्रो. पीटर्सन यांनीं तें काम चालविलें.

ब्यूलर १८७५ सालीं काश्मीरांत गेले. त्या प्रवासाचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनें १८७७ सालीं छापून प्रसिद्ध केला. तेथून त्यांनीं ज्या पोथ्या आणिल्या त्यांत शारदा लिपींत भूर्जपत्रावर लिहिलेली महाभारताची एक खंडित पोथी होती. आदिपर्वाचीं सुरवातीचीं पत्रें तिच्यांत नाहींत. सरकारी संग्रहांत तिची नोंद "१८७५-७६ चा क्रमांक १५९" अशी झाली. ती मोलाची आहे हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें वाटत नाहीं. सुमारें साठ वर्षांनीं आदिपर्वाची संहिता ठरवितांना हीच पोथी मुख्य आधारांपैकीं एक ठरली. हा सर्व सरकारी संग्रह प्रथम डेक्कन कॉलेजांत असे. १९१८ सालीं तो भांडारकर मंदिराच्या स्वाधीन झाला.

या व्यवहाराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ब्यूलर यांनीं सरकारच्या परवानगीनें बर्लिनच्या राजग्रंथालयासाठींहि जैन पोथ्या विकत घेतल्या. प्रो. वेबर यांनीं तेथें त्यांची सविस्तर यादी केली व तिच्या आधारें जैन आगमांचा अभ्यास युरोपांत पुढें गेला. विद्येला लाभ झाला हें खरें. पण त्या पोथ्या इकडच्या अभ्यासकाला दूरच्या झाल्या हेंहि तितकेंच खरें.

२. गुरुशिष्यपरंपरा

कीलहॉर्न पुण्यास शिकवीत तसेच शिकतहि असत. येथील शास्त्र्यांपाशीं बसून त्यांनीं व्याकरणाचें अध्ययन केलें, आणि त्याच अध्ययनाच्या बळावर नागेशाच्या परिभाषेंदुशेखराचें भाषांतर व पतंजलीच्या महाभाष्याची संशोधित आवृत्ति सिद्ध केली. पुढें ते ग्यॉटिंगेन येथें अध्यापक झाले. तेथें हाइन्‌रिश ल्यूडर्स हे त्यांचे शिष्य. ब्यूलर १८८० सालीं हिंदुस्थान सोडून व्हिएन्नास गेले. तेथें मोरिझ विंटर्निट्झ हे त्यांचे शिष्य. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची कल्पना युरोपांत ज्या दोघांनीं लावून धरली ते हेच दोघे. म्हणजे पुणें-मुंबईंत घडलेल्या दोन पंडितांच्या हाताखालीं ते तयार झाले होते.

इ. स. १८९७ मध्यें पॅरिस येथें प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली, तेव्हां विंटर्निट्झ यांनीं लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांतील दाक्षिणात्य पोथ्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. कलकत्ता व मुंबई येथें छापलेल्या महाभारताहून या पोथ्यांतील पाठ फार निराळा होता. छापील संहिता म्हणजेच महाभारत असें धरून त्यावर कालनिर्णयाचे इमले रचणें घातक आहे, असें त्यांचें म्हणणें. १८९९ सालीं रोमच्या परिषदेंत त्यांनीं या कामासाठीं स्वतंत्र मंडळ स्थापण्याची सूचना केली. १९०४ सालीं युरोपांतील विद्वत्सभांच्या संयुक्त संघानें योजना मान्य केली, आणि १९०८ सालीं ल्यूडर्स यांनीं आदिपर्वाच्या पहिल्या ६७ श्लोकांचा नमुना एकोणतीस पोथ्यांवरून तयार करून छापला. पुढें १९१४ चें महायुद्ध सुरू झालें व काम थांबलें. दहा वर्षांच्या खटपटीचें छापील फळ म्हणजे तेवढा नमुना.

महायुद्ध हें एक कारण झालें. पण युद्ध नसतें तरी हें काम युरोपांत पार पडणें कठीण होतें, असें मला वाटतें. कारण बहुतेक पोथ्या इकडे, आणि मलयाळम्, ग्रंथ, नेवारी, शारदा अशा लिपी सहज वाचणारे लोकहि इकडेच.

३. पुण्यांतील आरंभ

भांडारकर मंदिराची स्थापना १९१७ सालीं झाली. पुढच्याच वर्षीं महाभारताचा संकल्प सुटला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं या कार्यास एक लक्ष रुपये देण्याचें वचन दिलें. १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. भांडारकर यांनीं मंगलश्लोकाचे पाठ स्वतः ताडून कामास प्रारंभ केला. रा. उत्गीकर यांनीं विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ति १९२३ सालीं काढून ती विद्वानांपुढें परीक्षणार्थ ठेविली. याच सुमारास विंटर्निट्झ आपल्या हिंदुस्थानच्या प्रवासांत पुण्यास येऊन काम पाहून गेले. ज्यानें योजना मांडली त्यानेंच ती दुसऱ्याच्या हातीं फळास येतांना पाहावी व संतोष मानावा, हें विद्याक्षेत्रांतहि दुर्मिळ आहे.

१९२५ च्या ऑगस्टांत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. त्यांनीं प्रथम केंब्रिज येथें गणिताचा अभ्यास केला व नंतर बर्लिन येथें ल्यूडर्स यांच्यापाशीं शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. पुण्याच्या शास्त्र्यांपासून कीलहॉर्न, कीलहॉर्नपासून ल्यूडर्स, ल्यूडर्सपासून सुकथनकर, आणि सुकथनकरांबरोबर विद्या पुनः पुण्यास, असें हें आवर्तन पुरें झालें. यांत देणारा कोण व घेणारा कोण हें एका वाक्यांत सांगतां येत नाहीं.

४. पाठ कसा ठरवितात

आतां पद्धतीविषयीं. आडव्या-उभ्या रेघांनीं आंखलेल्या कागदावर प्रथम प्रचलित छापील संहितेचा एक श्लोक अक्षरशः मोठ्या अक्षरांत लिहावयाचा. त्याखालीं प्रत्येक पोथीला एक ओळ. ज्या अक्षरीं पोथीचा पाठ वेगळा असेल त्याच अक्षराच्या खालच्या घरांत तो उतरून घ्यावयाचा. उजवीकडे चार इंचांचा रकाना. त्यांत समासांतील लेखन, खाडाखोड व अधिक श्लोक यांची नोंद. अधिक भाग लांब असेल तर तो निराळ्या शोधपत्रावर लिहून जोडावयाचा. असा एक कागद पुढें ठेविला कीं, पन्नास पोथ्या एकाच वेळीं बोलूं लागतात.

परंतु मोजणी करून पाठ ठरत नाहीं. शाळेंत परीक्षेच्या वहीवर दोन मुलांची एकच चमत्कारिक चूक आढळली तर दोघें एकमेकांशेजारीं बसलीं होतीं हें शिक्षक ओळखतो. अशा दोन वह्यांची साक्ष एकच धरावी लागते. उलट वर्गाच्या दोन टोकांस बसलेल्या, एकमेकांस न दिसणाऱ्या मुलांच्या वह्यांत एकच वाक्य अक्षरशः जुळलें तर तें गुरुजींच्या तोंडचें असलें पाहिजे. पोथ्यांचेंहि तसेंच. आदिपर्वाच्या ज्या २३५ पोथ्या सुकथनकर यांना ठाऊक होत्या त्यांत देवनागरी १०७, बंगाली ३२, ग्रंथ लिपीच्या ३१, तेलुगु २८, मलयाळम् २६, नेपाळी ५, शारदा ३, आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी प्रत्येकीं एक होत्या. त्यांतून साठ पोथ्या प्रत्यक्ष उपयोगांत आणिल्या. देवनागरी पोथ्यांची संख्या मोठी खरी, पण त्या सर्व प्रांतांत फिरलेल्या, म्हणून पाठांची सरमिसळहि त्यांतच अधिक. एका काश्मिरी व एका मलयाळी पोथीचें एकमत झालें तर तें शंभर देवनागरी पोथ्यांहून जड भरतें. कारण त्या दोघींची गांठ पडण्याचा संभव फार थोडा.

हें काम आपल्याकडे अगदींच अपूर्व होतें असें मात्र नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोदातीरच्या कोपरगांवचा नीलकंठ चतुर्धर काशींत राहून भारतभावदीप लिहीत होता. निरनिराळ्या देशींच्या पोथ्या जमवून उत्तम पाठ निवडल्याचें तो स्वतःच सांगतो. भेद इतकाच कीं, नीलकंठानें जें जें गोड लागलें तें राखलें व न निवडलेले पाठ बहुधा लोपले. सुकथनकर यांनीं जुना पाठ वर ठेवला आणि बाकीचा प्रत्येक शब्द तळटीपेंत किंवा परिशिष्टांत जपला. व्यास सांगत आहेत व गणपति लिहीत आहे हा लोकप्रिय प्रसंग मूळ संहितेंतून परिशिष्टांत गेला, तेव्हां पुष्कळांना वाईट वाटलें. पण तो कोणीं फाडून टाकिला नाहीं. कोणत्या पोथींत आहे व कोणत्या पोथींत नाहीं हें वाचकास तेथेंच पाहतां येतें.

आक्षेप युरोपांतूनहि आला. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनीं १९२९ सालीं अशी सूचना केली कीं, मूळ पाठाचा ध्यास सोडावा व नीलकंठाची संहिता छापून तिच्याखालीं पाठभेद द्यावेत. सुकथनकर यांनीं ती नम्रपणें पण ठामपणें अमान्य केली. व्यासाचें हस्ताक्षर मिळवून देण्याचा दावा त्यांचाहि नव्हता. उपलब्ध पोथ्यांच्या आधारें जेथवर मागें जातां येईल तेथवर जावें, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. ल्यूडर्स यांच्या शिष्यानें लेव्हींच्या सल्ल्यास नकार द्यावा, याचा अर्थ पद्धति उसनी राहिली नव्हती.

तिची कसोटीहि लागली. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झाल्यावर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्या संग्रहांतील एक फार जुनी पोथी उजेडांत आली. तिच्यावरून पाठ ताडून पाहतां, पुण्याच्या आवृत्तींत वगळलेले कित्येक प्रक्षेप तिच्यांतहि नव्हते, आणि तर्कानें सुधारलेल्या कांहीं स्थळीं तोच पाठ तिनें दिला. न पाहिलेल्या पोथीनें येऊन साक्ष द्यावी, याहून मोठा दाखला संपादकास कोणता हवा?

५. संग्राहकांचें कर्तव्य

सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजीं निवर्तले. पुढें डॉ. बेलवलकर व त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्य यांनीं धुरा वाहिली आणि सुमारें १२५९ पोथ्यांच्या साहाय्यानें अठराहि पर्वें पुरीं झालीं. या पोथ्या सर्वच पुण्यास हलविल्या नव्हत्या. बंगाली पोथ्यांचे पाठ शांतिनिकेतनांत विश्वभारतींत ताडले गेले, दक्षिणेकडील कांहीं पोथ्यांचे तंजावरास. पोथी आपल्या जागीं राहिली, तिचा पाठ मात्र प्रवासास निघाला. राजगुरूंनींहि याहून अधिक कांहीं केलें नाहीं, आणि याहून कमी केलें असतें तर ती साक्ष मिळाली नसती.

आपल्यांतील पुष्कळ गृहस्थ पोथी दाखविण्यास कचरतात. ती जाईल, परत येणार नाहीं, ही भीति अनाठायीं नाहीं; बर्लिनचें उदाहरण वर दिलेंच आहे. पण बासन बांधून ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. कसर आणि ओल कोणाची परवानगी विचारीत नाहींत. पोथीचा आद्यंत उतरून ठेवावा, पुष्पिका अक्षरशः लिहून घ्यावी, पत्रसंख्या, लिपि व शक यांची नोंद करावी, आणि अधिकारी अभ्यासक आला तर आपल्या ओटीवर बसवून त्यास पाठ उतरून घेऊं द्यावा. क्रमांक १५९ ची पोथी काश्मीरांत ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या जपली त्याचें नांव आज आपणांस ठाऊक नाहीं. पण आदिपर्वाच्या तळटीपांतून तिची साक्ष पानोपानीं निघते. आपल्या घरच्या पोथीलाहि तशी साक्ष देण्याची संधि मिळावी, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.