पातेल्यातला पांढरा थर आणि गोठलेला समुद्र

देवणीकडं बोअरचं पाणी तापवत राहिलं की पातेल्याला आतून पांढरा थर धरतो. काळ्या रानात नांगर घातला की चुनखडीचे खडे वर येतात. दोन्ही एकाच घडामोडीचे पुरावे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते सौम्य आम्ल खडकातलं कॅल्शियम सोडवतं. काही इथंच साचतं, बाकीचं मांजरा गोदावरीला देते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. समुद्राचं रसायन बरंचसं असं जमिनीवर ठरतं.

हे काम कधीकाळी जवळजवळ जगभर थांबलं होतं. सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचला. ते हिमयुग पाच कोटींहून अधिक वर्षं टिकलं. त्यानंतरचं दुसरं ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलं. नद्या गोठल्या, तसं समुद्राला कॅल्शियम मिळेना. तळाच्या उष्ण झऱ्यांतून येणारं लोह मात्र प्राणवायूअभावी पाण्यात विरघळूनच राहिलं. वर ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडतच होते. तो शोषायला ना उघडा खडक, ना पाऊस. लक्षावधी वर्षं तो साठत गेला, हवा तापली आणि बर्फ वितळला.

मग पाऊस कोसळला तो हिमनद्यांनी जात्यात दळल्यासारख्या बारीक केलेल्या खडकावर. त्यातला क्षार समुद्रात लोटला आणि हिमनद्यांच्या गाळावर थेट डोलोमाइटचे थर बसले. नामिबियात ते ठळक दिसतात. आपल्याकडं हिमाचलात सोलन भागातल्या ब्लैनी खडकांत गुलाबी डोलोमाइट सापडतो. सोबत फॉस्फरसही आला, शैवालांना खाद्य मिळालं.

२०२३ साली बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि जपानचं निगाता विद्यापीठ यांच्या संशोधकांना कुमाऊँ हिमालयातल्या मॅग्नेसाइटमध्ये सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे थेंब अडकलेले सापडले. कॅल्शियमची टंचाई झाली म्हणून मॅग्नेशियमचं प्रमाण वाढलं, असं त्यांचं म्हणणं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो: त्या काळाची साक्ष इथं प्रत्यक्ष पाण्यानं दिली.

आपला काळा पाषाण त्या मानानं कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर तो संपला. खाली थोडा गाळ आणि मग प्राचीन खडक लागला. देगलूरकडं तसाच जुना ग्रॅनाइट उघड्यावर आहे. पुढच्या वेळी तिकडं गेलात तर रस्त्याकडेला थांबा, मुलांना त्याला हात लावू द्या. पृथ्वी गोठण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथं आहे.