पाऊस घाटावर, जीवसृष्टी पात्रात

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. भीमाशंकरच्या परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील या भागात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. घोड आणि भीमा या नद्यांना येणारे पावसाळी पाणी प्रामुख्याने सह्याद्रीचे, तर ओढे व पाझर तलाव भरतात ते बहुतांशी सप्टेंबरच्या आणि परतीच्या स्थानिक पावसावर. त्यामुळेच दौंडला भीमा दुथडी वाहत असताना शेजारचा ओढा कोरडा असू शकतो.

नदीतील जीवनचक्र पावसाच्या याच वेळापत्रकाशी बांधलेले आहे. जून-जुलैत पाणी चढू लागले, गढूळ व थंड झाले, की अनेक जातींच्या माशांना प्रजननाचा संकेत मिळतो. हे ‘चढणीचे मासे’ प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन काठालगतच्या उथळ पाण्यात अंडी घालतात.

आता मात्र वरच्या बाजूस घोडेवर डिंभे, भीमेवर चासकमान आणि मुठेवर खडकवासला ही धरणे आहेत. हंगामाच्या आरंभीचे बरेचसे पाणी त्यांत अडते. ती भरल्यावर विसर्ग एकाएकी सुरू होतो आणि तितक्याच अचानक थांबतो. पाणी झपाट्याने ओसरले, की काठावरची अंडी व पिल्ले उघडी पडतात.

पुण्याचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. पहिल्या जोरदार सरीने तळाचा साचलेला गाळ ढवळला जातो. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पुढे संथ, सलग प्रवाह राहिल्यास हे प्रदूषण विरळ होते.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत पोहोचतो. तेथे साचणाऱ्या नत्र व स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ फोफावते. पाणी ओसरून दलदल उघडी पडल्यावरच रोहित पक्ष्यांना खाद्य मिळते. म्हणून धरण तुडुंब भरलेल्या वर्षी त्यांचे आगमन लांबू शकते.

सारांश, किती पाऊस झाला यापेक्षा त्याचे पाणी नदीत केव्हा, कसे आणि किती स्वच्छ पोहोचले, हे जीवसृष्टीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते. पावसाळ्याच्या आरंभापासून धरणांतून थोडा पण अखंड प्रवाह सोडणे आणि शहराचे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत जाऊ देणे, या दोन्ही गोष्टींची किल्ली मात्र शिरूर-दौंडकडे नसून वरच्या बाजूस आहे.