रहाडीआधी रंगलेला शिंजीर

नाशिकच्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, रंगपंचमीला उघडतात. शिंजीर त्याआधीच रंगून बसलेला असतो.

जेमतेम दहा सेंटिमीटरचा हा पक्षी. थंडीत नर मादीसारखाच मळकट दिसतो. पिवळसर पोटावर गळ्यापासून खाली गेलेली काळी रेघ, एवढाच काय तो फरक. फाल्गुन लागेपर्यंत ती रेघ जणू अंगभर सांडते आणि उन्हात जांभळा-निळा झळाळ उठतो. गंगापूर रोडवरच्या एखाद्या बंगल्याच्या कुंपणाला जास्वंद असली की सकाळी सातलाच त्याची चिवचिव सुरू. फूल खोल असलं तर हा गडी सरळ बुडाशी चोच खुपसून मध पळवतो. परागकण वाहण्याचं भाडं चुकवलेला प्रवासीच. मग पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशात त्याला दुसरा नर दिसतो आणि टोचाटोची चालू होते. आरशावर फडकं टाकलं की भांडण मिटतं.

युरोप-अमेरिकेत वसंत म्हणजे पक्षी परत येण्याचा ऋतू. थंडीत दक्षिणेकडे गेलेले गाणारे पक्षी परततात. आपल्याकडे गंमत उलटी आहे. इथे चैत्रात पाहुणे निघतात. अंगणात शेपूट थरथरवणारा थरथऱ्या जातो, धोबी जातात. महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक रामसर यादीत गेलेली राज्यातली पहिली जागा म्हणजे नांदूरमध्यमेश्वर. तिथली परदेशी बदकंही उठतात. मागे राहिलेली घरची मंडळी मात्र रंगात येते. दयाळ पहाटे अँटेनावर बसून तान घेतो, तांबट भर दुपारी टुक-टुक ठोकत राहतो.

यांच्यासाठी दाण्याची वाटी ठेवून उपयोग नाही. शिंजीर मधावर आणि बारीक किड्या-कोळ्यांवर जगतो, दयाळ किडे टिपतो, तांबटाला वड-उंबराची फळं लागतात. दाण्यावर चिमण्या येतील, पण बहुतेक वेळा त्यांच्या आधी पारवे येतील आणि मग दुसऱ्या कुणाला जागाच उरणार नाही. ठेवायचेच तर मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे. चिवडा नाशिकचा असला तरी माणसांसाठीच. ते मीठ आणि तेल पाखरांना नको.

चिमणीची गोष्ट जरा वेगळी, आणि तिचा धागा नाशिकशीच जुळलेला. इथल्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम उभं केलं; ‘टाइम’ साप्ताहिकाने २००८ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या नायकांत मोजलं. त्यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तुळईच्या खोबणी आणि तसबिरीमागची फट हीच चिमणीची खोली होती. सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये फटच नाही, म्हणून लाकडी खोका टांगावा लागतो. त्याचं भोक तीनेक सेंटिमीटरचं असलं म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. पिल्लांना मात्र दाणे नव्हे, अळ्या भरवल्या जातात. औषध फवारून चकचकीत ठेवलेल्या बागेत खोका रिकामाच राहण्याची शक्यता जास्त.

सगळ्यांना चालणारी गोष्ट एकच: पाणी. मातीची पसरट परळ, बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी, मधे पाय टेकायला एक दगड. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकला की बुलबुल जोडीने अंघोळीला येतात आणि निम्मं पाणी ओट्यावर उडवतात. परळ रोज घासायला हवी, कारण साचलेल्या घाणीतून रोग पसरतात. ब्रिटनमध्ये २००५ नंतर अशाच एका साथीत हिरवे फिंच मोठ्या संख्येने मेले. दाणा-पाण्याच्या भांड्यांभोवतीच्या गर्दीतून ती पसरत होती.

या सगळ्यात सर्वात देखणा निरोप भोरड्यांचा. ज्वारीच्या शेतात ज्यांच्यावर गोफण फिरते, त्याच. थंडीभर त्यांचा गुलाबी रंग धुरकट असतो. पिसांची टोकं झिजत जातात तसा तो उघडा पडतो, आणि पळस-पांगारा फुलतो तेव्हा ऐन भरात येतो. नेमक्या तेव्हाच त्यांना मध्य आशियाची ओढ लागते. एप्रिल सरेपर्यंत थवे गेलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये परततात, आणि मातकट रंगाची पिल्लंही येतात.