शिरका आणि फेसलेली मोहरी

लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारी झणक आमच्या वाचकभगिनींच्या परिचयाची आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराची कीर्ती याच झणकेवर उभी राहिली. सुक्या दाण्यात ती सुप्त असते. दाणा वाटून ओला केला की जागी होते आणि आंबट रसात मुरली की टिकते.

हा आंबटपणा देणाऱ्या शिरक्याचे माहेर ओर्लेआँ. ल्वार नदीतून होड्यांनी येणारी द्राक्षाची दारू वाटेत आंबली, की ती याच गावी उतरे. ओकच्या पिंपांत ती आठवडेच्या आठवडे मुरवीत, आणि विरजणासाठी थोडा जुना शिरका पिंपात नेहमी राखीत. ही किमया सजीव जंतूंची, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले.

एक भाग शिरका, तीन भाग तेल, मीठ आणि चमचाभर फेसलेली मोहरी एकत्र घुसळून फ्रेंच गृहिणी सॅलडच्या पानांवर घालते. मोहरीमुळे तेल व शिरका एकजीव होतात. रश्श्यात मात्र मोहरी भांडे उतरविल्यावरच घालावी. आचेने तिची झणक उडून जाते.

दिजाँचे नाव लावलेल्या मोहरीचा दाणा बहुतांशी कॅनडातून येतो. तेथे २०२१ साली अवर्षण पडले आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांतील फळ्या रित्या झाल्या. ‘बुर्गोन्यची मोहरी’ या नावाला मात्र २००९ पासून कायद्याचे संरक्षण आहे. तिचा दाणा आणि पांढरी वाइन दोन्ही त्याच प्रांतातील असावी लागतात. गावाचे नाव बरणीवर सहज राहते. बी शेतात राखावे लागते, असे आम्हांस वाटते.